न दिसणारा दोष आणि व्यापाऱ्याचा शब्द



लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आता चोपडीशेजारी लॅपटॉपही ठेवला जातो, आणि ते योग्यच आहे. पेढीचा जमाखर्च, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, मुलांचा अभ्यास हे सारे आज त्याच यंत्रावर चालते. असे यंत्र घेताना आपण किंमत, वजन आणि कंपनीचे नाव पाहतो. परंतु ज्या एका लहानशा भागामुळे सबंध यंत्र निकामी होऊ शकते, तो भाग डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स चिप हा तो भाग होय. विषय तांत्रिक वाटला, तरी मुळात तो देवघेवीतील विश्वासाचा आहे.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रकरण प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. एनव्हिडिया ही ग्राफिक्स चिप बनवणारी अग्रगण्य कंपनी. २ जुलै २००८ रोजी तिने जाहीर केले की, लॅपटॉपमध्ये बसवलेल्या तिच्या काही चिप नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात बंद पडत असून त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल. त्या तिमाहीच्या हिशेबात प्रत्यक्षात १९.६ कोटी डॉलर खर्ची पडले. चिप आणि तिचे वेष्टन यांत वापरलेले साहित्य कमकुवत असल्याचे कारण कंपनीने दिले. त्याचबरोबर लॅपटॉपमधील उष्णता बाहेर टाकण्याची रचना आणि ग्राहकांची वापराची पद्धत यांकडेही तिने बोट दाखवले.

दोष नेमका काय होता? चिपमधील सिलिकॉनचा तुकडा डाखाच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांनी खालच्या पायाशी जोडलेला असतो. यंत्र चालू असताना चिप तापते आणि बंद केल्यावर निवते. तापल्यावर सिलिकॉन थोडे प्रसरण पावते, पाया मात्र कितीतरी अधिक. ठिपक्यांभोवती भरलेला राळेसारखा पदार्थ उष्णतेने मऊ पडला, की ही सारी ओढाताण ठिपक्यांना सोसावी लागते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसे ते अखेर तडकतात. म्हणूनच असे यंत्र दुकानात निर्दोष दिसते, घरी काही काळ उत्तम चालते आणि पुष्कळदा वॉरंटी सरल्यानंतर पडद्यावर रेषा उमटू लागतात.

डेल आणि एचपी या कंपन्यांनी आपल्या काही यंत्रांची वॉरंटी वाढवली, तसेच आतील पंखा अधिक वेळ फिरावा अशी आज्ञावलीही दिली. पंख्याने झीज लांबते, परंतु मुळातील साहित्य बदलत नाही. ॲपलचा अनुभव अधिक बोलका आहे. आपल्या यंत्रांतील चिपना हा दोष नाही, असे आश्वासन ॲपलला पुरवठादाराकडून मिळाले होते. तरीही ॲपलने स्वतः तपास केला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर केले की, काही मॅकबुक प्रो यंत्रांतील जीफोर्स ८६००एम जीटी ही चिप सदोष असू शकते. भागधारकांना नुकसानीचा आकडा जुलैत कळला होता. या ग्राहकांना आपले यंत्र त्यात आहे, हे कळायला ऑक्टोबर उजाडला.

पुढे कॅलिफोर्नियातील न्यायालयात सामूहिक दावा चालला आणि २०१० मध्ये तडजोड होऊन काही ग्राहकांना दुरुस्ती, तर काहींना बदली यंत्र मिळाले. परंतु ती तडजोड अमेरिकेत खरेदी झालेल्या यंत्रांपुरती होती. असा दोष एकाच कंपनीच्या वाट्याला आला असेही नाही. ॲपलच्या २०११ च्या काही मॅकबुक प्रो यंत्रांत एएमडी कंपनीची ग्राफिक्स चिप होती. तिच्याही तक्रारी झाल्या आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली.

बँकेत तारणाचा माल तपासताना एक नियम आम्ही कटाक्षाने पाळत असू. पोत्यात टोकदार नळी खुपसून आतले दाणे हातावर घेतल्याशिवाय मालाचा दर्जा लिहायचा नाही. चिपच्या बाबतीत अशी नळी ग्राहकाजवळ नसते. म्हणून येथे सारा भार विकणाऱ्याच्या शब्दावर येतो, आणि हीच बाब आपल्या समाजाला जवळची आहे. कारण आपल्यापैकी अनेकांची दुकाने आहेत, काहींची जुन्या संगणकांचीच आहेत.

जुन्या लॅपटॉपच्या बाजारात एक युक्ती चालते. बंद पडलेल्या चिपला गरम हवेचा झोत देतात. तडकलेले सांधे क्षणिक जुळतात आणि पडदा उजळतो. काही ठिकाणी चिपखालचे डाखाचे मणी बदलतात. परंतु वर सांगितलेली तड चिपच्या पोटात असल्याने बाहेरचे मणी बदलून ती सांधत नाही. यंत्र काही आठवडे किंवा महिने चालते आणि पुन्हा बंद पडते. हे ठाऊक असूनही ‘उत्तम स्थितीतील’ म्हणून ते विकणे याला आपल्या शास्त्रात नाव आहे. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे. हलका माल अस्सल म्हणून खपवणे, असा त्याचा अर्थ. येथे भेसळ मालात नसून मौनात आहे, एवढाच फरक. दुरुस्त यंत्र विकणे गैर नाही. बिलावर ‘ग्राफिक्स चिप दुरुस्त केलेली’ असे लिहून त्याप्रमाणे भाव घेणारा दुकानदार दोन पैसे कमी मिळवील, पण त्याचा ग्राहक पुन्हा येईल.

घेणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. प्रथम गरज ठरवावी. जमाखर्च, विवरणपत्रे आणि शालेय अभ्यास यांना प्रोसेसरमध्येच असलेली ग्राफिक्सची सोय पुरते. वेगळी चिप वास्तुरचना, चित्रफितींचे संपादन किंवा अवजड खेळ यांसाठी लागते. अनावश्यक ते न घेणे हे भोगोपभोग परिमाणाला धरून आहेच, शिवाय बिघडणारा एक भाग कमी होतो.

जुने यंत्र घेताना ते निदान तासभर चालवावे आणि चित्रफीत लावून तापू द्यावे. दोष तापल्यावर प्रकटतो. पडद्यावर रेषा किंवा ठिपके आल्यास बाहेरचा मॉनिटर जोडावा. तेथेही तेच दिसले, तर संशय चिपवर घ्यावा. तेथे चित्र स्वच्छ असेल, तर दोष बहुधा पडद्याचा किंवा त्याच्या केबलचा असतो. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या यंत्रात सदोष चिप बंद करून ठेवलेली नाही ना, हेही जाणकाराकडून पाहून घ्यावे. मूळ बिल मागावे. परदेशातील आप्ताने आणलेल्या यंत्राची वॉरंटी भारतात चालते का, हे आधीच विचारावे.

आता बिलासंबंधी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष वस्तूची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी त्याला शुल्क नाही. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर मिळते. मात्र व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू या संरक्षणाबाहेर राहते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू तेवढी अपवाद. आपल्याकडे कन्येच्या शिक्षणासाठी घेतलेल्या लॅपटॉपचेही बिल १८ टक्के कराच्या इनपुट क्रेडिटसाठी पेढीच्या नावे करण्याची सवय आहे. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर ते क्रेडिट कायद्याने मिळतच नाही, आणि उद्या चिप बिघडली तर ‘हा ग्राहकच नव्हे’ असे म्हणण्याची संधी आपणच समोरच्याला देतो. घरचे यंत्र घरच्या माणसाच्या नावे घ्यावे, हे व्रतालाही धरून आहे आणि व्यवहारालाही.

शेवटी एक दिलासा आणि एक इशारा. चिप बंद पडली म्हणजे हिशेब गेला असे नव्हे. हिशेब डिस्कवर असतो. परंतु काही नव्या यंत्रांत डिस्कही मुख्य पटलावर पक्की जडवलेली असल्याने ती सहज काढता येत नाही. म्हणून दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती तिजोरीत ठेवावी. यंत्र नाशवंत आहे, हे मान्य करूनच त्याच्यावर विसंबावे.

जय जिनेंद्र.