ऑस्ट्रेलियांतील द्राक्षप्रदेश : सहल कशी आंखावी

द्राक्षें पिकविणाऱ्या शेतकऱ्यानें गांठीस चार पैसे असतां एकदां परदेशची शेती पाहून यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि वाइनचीं द्राक्षें कोठें पाहावींत असें कोणी विचारील, तर ऑस्ट्रेलियाचें नांव पुढें येणें स्वाभाविक आहे. तेथील पुष्कळ बागा आपल्यासारख्याच उष्ण व पाण्यास तुटलेल्या मुलखांत उभ्या आहेत, आणि बागेच्या दारींच पाहुण्यास माल चाखवून व जेवूं घालून विकण्याची विद्या तेथें चांगली रुजली आहे. परंतु अशा प्रवासाचा जो नेहमींचा आराखडा असतो तो आम्हांस पसंत नाहीं. दहा दिवसांत सिडनी, मेलबर्न व समुद्रकिनारे, आणि मध्येंच एके दुपारीं मोटारींतून उतरून पांच ठिकाणीं पेले तोंडास लावून परत, अशी ही धांव असते. तींत बाटली दिसते, बाग दिसत नाहीं. आणि बागेचा जमाखर्च तर मुळींच दिसत नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, एकच प्रांत निवडावा, तो सावकाश पाहावा, आणि तो तिकडील हिवाळ्यांत पाहावा.

प्रथम प्रांताविषयीं. ऑस्ट्रेलिया हा देश नव्हे, खंड आहे. हंटर खोरें सिडनीच्या उत्तरेस दोन तासांच्या वाटेवर, यारा खोरें मेलबर्नपासून तासाभरावर, आणि मार्गारेट रिव्हर पर्थच्या दक्षिणेस सुमारें २७० किलोमीटरांवर. सिडनी व पर्थ यांमध्यें तर ३,००० किलोमीटरांहून अधिक अंतर. हे सर्व एका खेपेंत पाहूं म्हणणाऱ्यास विमानतळच अधिक पाहावे लागतील. उलट दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी जी ॲडलेड, तिच्या ईशान्येस सुमारें ७० किलोमीटरांवर बरोसा, दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर मॅक्लारेन व्हेल, आणि उत्तरेस सुमारें १३० किलोमीटरांवर क्लेअर खोरें आहे. बरोसांत चार दिवस, क्लेअरला दोन व मॅक्लारेन व्हेलला दोन, अशी आठ दिवसांची वांटणी आम्ही सुचवितों. क्लेअर येथें जुन्या आगगाडीच्या मार्गावर आतां सायकलींची वाट केली आहे. तीवरून एका बागेहून दुसऱ्या बागेस जातां येतें, आणि चढउतार व माती नजरेखालून जाते, ती मोटारींतून जात नाहीं.

दुसरा प्रश्न काळाचा. हंगाम पाहण्यासाठीं फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत जावें असें सर्वसाधारण सांगतात. परंतु हाच काळ आपल्याही तोडणीचा आहे, आणि एप्रिलांत खरड छाटणी दारांत उभी असते. घरचा माल वेलीवर टाकून दुसऱ्याचा पाहावयास जाणें हें शहाणपणाचें नव्हे. शिवाय तोडणीच्या धामधुमींत तेथील मालकासही पाहुण्याशीं दोन शब्द बोलण्यास सवड नसते. जुलै-ऑगस्टांत तिकडे थंडी असते, पानें गळालेलीं असतात, छाटणी चालू असते, आणि मनुष्य शेकोटीजवळ बसून हिशेबाचें बोलूं शकतो. आपली गोडी छाटणी तेव्हां पुढें असते. याच दिवसांत दोन्ही देशांतील मुख्य फरक डोळ्यांनीं दिसतो : तिकडील वेल हिवाळ्यांत निजते व वर्षांत एकदां छाटली जाते, आपली वेल निजतच नाहीं, म्हणून तिला दोन छाटण्या लागतात. हा फरक ज्यानें ध्यानांत घेतला तो तिकडील युक्ति जशीच्या तशी उचलून आणण्याच्या भरीस पडणार नाहीं.

तेथें पाहण्यासारखी पहिली वस्तु म्हणजे जुन्या वेली. बरोसांत १८४३ सालीं लावलेली शिराझ जातीची बाग अद्याप फळ देते. फायलॉक्सेरा नांवाच्या मुळें खाणाऱ्या किडीनें एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील बागा उजाड केल्या. १८७७ सालीं ती व्हिक्टोरिया प्रांतांत जिलाँग येथें सांपडली. परंतु दक्षिण ऑस्ट्रेलियानें कडक बंदोबस्त ठेवून तिला आजवर आंत येऊं दिलें नाहीं. म्हणून प्रवाशानें तीन नियम कसोशीनें पाळावेत. विचारल्यावांचून वेलींच्या ओळींत पाऊल टाकूं नये. आपल्या शेतांतले जोडे घरींच ठेवून स्वच्छ जोडे न्यावे. आणि विमानतळावरील पत्रकांत खाण्याच्या जिनसा, बियाणें, लांकडी वस्तु, जें असेल तें लिहून द्यावें. लपविणारास मोठा दंड होतो. लोणच्याची बरणी किंवा चार काड्या लपवून नेणें-आणणें यांत चातुर्य नाहीं. ज्यानें स्वतः भुरीकेवड्यापायीं रात्री जागून काढल्या आहेत त्यास हें अधिक सांगणें नको.

आतां दिवसाची आंखणी. वाइनच्या कारखान्याच्या दारींच चाखण्याची व विकण्याची जी जागा असते तीस तिकडे ‘सेलर डोअर’ म्हणतात. अशीं तीन दारें एका दिवसास पुरे. आधीं पत्र लिहून आपण बागाईतदार आहों हें कळवावें, म्हणजे नुसत्या गिऱ्हाइकास जें दाखवीत नाहींत तें दाखविण्याची इच्छा त्यांस होते. एक मोठें घराणें, एक लहान कुटुंब आणि एक केवळ द्राक्षें विकणारा शेतकरी, असे तिन्ही नमुने पाहावेत. बरोसांत सेपल्ट्सफील्ड येथें १८७८ सालीं एक पिंप शंभर वर्षांसाठीं म्हणून बाजूस काढलें, आणि तेव्हांपासून दरवर्षीं तसेंच काढीत आले. १९७८ पासून दरसाल एकेक शंभर वर्षांचें पिंप फुटतें. एवढ्या लांबच्या पल्ल्याचा विचार करणारा शेतीधंदा दुसरा क्वचितच आढळेल.

येथें आक्षेप येईल कीं, हें सर्व दारूचें कौतुक झालें. तसा आमचा हेतु नाहीं. जो पीत नाहीं त्यानें तेथें जाऊनही पिऊं नये. चाखण्याच्या जागीं थुंकण्यासाठीं पात्र ठेवलेलेंच असतें, आणि जाणते लोक चाखून थुंकतात, त्यांत कमीपणा मानीत नाहींत. जो पितो त्यानें मोटार स्वतः हांकूं नये. रक्तांत ०.०५ टक्के मद्यांश ही तेथील मर्यादा असून पोलीस वाटेंत कोठेंही तपासणी करतात. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच असली तरी चालक भाड्यानें घेणें उत्तम.

जेवणाकडे मात्र दुर्लक्ष करूं नये. आमच्या मतें सहलीचा खरा धडा तेथेंच आहे. रोज दुपारीं एका बागेंत बसून सावकाश जेवावें. बरोसांत १८४० नंतर सायलेशियांतून आलेल्या जर्मन कुटुंबांची वस्ती झाली. त्यांचे धुरी दिलेले मांसाचे प्रकार, काकडीचीं लोणचीं व गोड पाव आजही तेथें मिळतात, आणि अँगॅस्टन येथें शनिवारीं सकाळीं शेतकऱ्यांचा स्वतःचा बाजार भरतो. शाकाहारी मनुष्यानें आधीं कळवावें, म्हणजे अडचण पडत नाहीं. मॅगी बिअर या बाईंनीं तेथेंच कच्च्या द्राक्षांचा आंबट रस स्वयंपाकासाठीं काढून विकावयास आरंभ केला. विरळणींत जे घड आपण मातींत टाकतों त्यांस किंमत येऊं शकते, हें त्यावरून दिसतें. हुरड्याच्या दिवसांत पाहुण्यास शेतावर बोलावण्याची रीत आपलीही जुनीच आहे. तिकडील लोकांनीं त्या रीतीस ठरलेली वेळ, ठरलेला दर आणि स्वच्छ न्हाणीघर यांची जोड दिली, एवढेंच अंतर.

तथापि या देखण्या बाजूनें भुलून परत येतांच कर्ज काढून कारखाना घालणें हा घात होईल. आणि म्हणूनच आठांपैकीं एक दिवस कमी करून तो रिव्हरलँडला द्यावा. बरोसापासून सुमारें दोन तासांच्या वाटेवर मरे नदीच्या पाण्यावर पिकणारा हा मुलूख ऑस्ट्रेलियांत सर्वांत अधिक वाइनचीं द्राक्षें देतो. पण येथील बहुतेक शेतकऱ्यांस स्वतःचें दार नाहीं, ते मोठ्या कारखान्यांस माल घालतात. २०२० च्या अखेरीस चीननें ऑस्ट्रेलियन वाइनवर जकात बसविली, ती २०० टक्क्यांहूनही वर गेली, आणि मार्च २०२४ पर्यंत उठली नाहीं. मोठें गिऱ्हाईक गेलें, कोठारें तुंबलीं, आणि तांबड्या द्राक्षांचा भाव उत्पादनखर्चाच्याही खालीं उतरला. बरोसानेंही हें भोगलें आहे : १९८० नंतरच्या दशकांत सरकारनें पैसे देऊन वेली उपटविल्या, त्यांत शतकापूर्वींच्या बागा गेल्या. त्याच्या थोडें आधीं कारखान्यांनीं माल नाकारला असतां पीटर लेमन या गृहस्थानें स्वतःची कंपनी उभारून शेतकऱ्यांचीं द्राक्षें घेतलीं. म्हणून त्याचें नांव तेथें आदरानें घेतात. आपल्या नाशिक भागांतही २००८ नंतरच्या मंदींत वाइनच्या द्राक्षांस गिऱ्हाईक न राहून बागा तोडाव्या लागल्या, हें वाचक विसरले नसतील. आतां तर डिसेंबर २०२२ पासून अमलांत आलेल्या करारान्वयें ऑस्ट्रेलियांतील भारी वाइनवरील आपली जकात १५० टक्क्यांवरून ७५ वर आली असून दहा वर्षांत ती २५ वर येणार आहे. म्हणजे ज्यांच्याकडे आपण पाहुणे म्हणून जाणार ते बाजारांत आपले प्रतिस्पर्धीही आहेत.

शेवटीं एक गोष्ट. बरोसा व मॅक्लारेन व्हेल या दोन प्रदेशांसाठीं २०१२ सालीं स्वतंत्र कायदे होऊन, वस्तीच्या हद्दीबाहेरील शेतजमिनीचे घरांसाठीं तुकडे पाडण्यास आळा घातला गेला. बागेचें दार तेव्हांच पाहुण्यास बोलावतें, जेव्हां त्याच्यासमोर बाग शिल्लक असते. नाशिकच्या आसपास प्लॉटांच्या पाट्या वाचणाऱ्यास याचा अर्थ सांगावयास नको.

तरी ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं तिघांचौघांनीं मिळून जावें, प्रत्येक दारीं तेच चार प्रश्न विचारावेत, आणि उत्तरें वहींत उतरून आणावींत : किती माल स्वतःच्या दारीं विकतां, किती दुसऱ्यास घालतां, तो दुसरा एक आहे कीं अनेक, आणि तो उद्यां न आला तर काय करणार? चवथ्या प्रश्नाचें उत्तर जेथें तत्काळ मिळेल, त्या बागेंत आणखी एक दिवस राहावें.