नळ मोजले, शिसं कोण मोजणार?

ऑगस्ट 2022 मध्ये 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळवणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं गोवा आणि पहिला केंद्रशासित प्रदेश ठरला आपला, म्हणजे दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव. अभिमान वाटला ना? वाटायलाच हवा. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी आई ज्यांनी बघितलीय, त्यांना नळाची किंमत सांगावी लागत नाही. इथून तासा-दोन तासांवर, जव्हार-मोखाड्यात, उन्हाळ्यात लोक अजून टँकरची वाट बघतात.

पण मित्रांनो, हे प्रमाणपत्र कशावर मिळतं? ग्रामसभा ठराव करते की घराघरात नळाला पाणी येतंय. ग्रामसभेला नळ दिसतो, धार दिसते. शिसं दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ही योजना गावांची आहे, आमचा टोकरखाडा सिल्वासा नगरपालिकेत येतो, हे खरं. पण शिशाचा प्रश्न गावात आणि शहरात एकच आहे.

मी राज्यशास्त्र शिकते, केमिस्ट्री नाही. तरी एवढं समजून घेतलं. पीव्हीसी पाइप बनवताना प्लास्टिक तापवावं लागतं. त्या उष्णतेत ते खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात. आपल्या देशात वर्षानुवर्षं स्वस्त म्हणून शिशाचे क्षार घातले गेले. कॅल्शियम-झिंकचा पर्याय होता, पण तो महाग. अशा पाइपात पाणी रात्रभर थांबलं की थोडं थोडं शिसं पाण्यात उतरू शकतं. पितळी तोट्या, जुने सांधे, डाग दिलेले जोड यांतूनही उतरतं.

म्हणजे "आपल्याकडे कुठे शिशाचे पाइप आहेत, ते विलायतेत" हे म्हणून सुटका नाही. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने यात लक्ष घातलं. 2021 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पीव्हीसी पाइपांतलं शिसं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम काढले. चांगलं झालं. पण नियम कारखान्यातून निघणाऱ्या नव्या पाइपासाठी आहेत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी भिंतीत गाडलेल्या पाइपाचं काय?

आपल्या देशाचं मानक सांगतं, पिण्याच्या एका लिटर पाण्यात 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालणार नाही, आणि यात सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा चार ते पाच पट जास्त शिसं शोषतं. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर अजून जास्त. आता आपल्या पट्ट्यातल्या वारली, कोकणा पोरांचा आहार आठवा. शिशाचा मार मेंदूवर बसतो आणि तो भरून येत नाही. मग वर्गात मागे पडलेल्या पोराला आपण "ढ" म्हणून मोकळे होतो.

मी गल्लीत दहा घरी विचारलं, "तुमच्या नळाच्या पाण्यात शिसं किती?" एकालाही आकडा माहीत नव्हता. एका कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, "पाणी प्लांटवर शुद्ध होतं, काळजी करू नका." अहो, हीच तर गंमत आहे! शिसं प्लांटनंतर मिसळतं. प्लांटचा रिपोर्ट शंभर टक्के खरा असला तरी तो माझ्या तोटीबद्दल काही सांगत नाही.

घरचे म्हणतात, "आम्ही उकळून पितो." उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. साधा यूव्ही फिल्टरही ते काढत नाही. आरओ काढतो, पण चाळीत भाड्याने राहणारा कामगार आरओ घेणार कुठून? आणि सार्वजनिक पाण्याचा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या खिशातून का सोडवायचा?

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्ट माहीत असू द्या. 2014 मध्ये तिथे पाण्याचा स्रोत बदलला. नव्या पाण्याने जुने पाइप झिजत होते, आणि अधिकारी म्हणत राहिले की पाणी ठीक आहे. 2015 मध्ये रहिवाशांनी आपापल्या नळाचे नमुने बाटल्यांत भरून विद्यापीठाकडे पाठवले, तेव्हा कुठे शिसं उघड झालं.

आपली अडचण तर आणखी मोठी आहे. या प्रदेशाला विधानसभाच नाही. पालघरच्या लोकांसाठी आमदार मुंबईत प्रश्न विचारू शकतो, गोव्यासाठी पर्वरीत. आपल्याकडे कारभार प्रशासकाच्या हातात. म्हणून प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये, तीस दिवस. विचारा:

1. गेल्या वर्षभरात आमच्या वॉर्डातल्या किती घरांच्या आणि शाळांच्या नळाचं पाणी शिशासाठी तपासलं? प्रत्येक नमुन्याचा आकडा द्या.
2. नमुना सकाळचा पहिला घेतला होता की पाणी सोडून दिल्यावर?
3. नवे पाइप घेताना "शिसेविरहित" ही अट टेंडरमध्ये आहे का? प्रत द्या.

आणि मागणी एकच. शाळा आणि अंगणवाडीपासून सुरुवात करून नळावरचं पाणी प्रयोगशाळेत तपासा आणि आकडा नोटीस बोर्डावर लावा. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत. गावात किटने क्लोरीन, फ्लोराइड बघतात तसं शिसं बघून चालत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

तोपर्यंत सकाळचं पहिलं पाणी भांडी घासायला घ्या, प्यायचं नंतर भरा.

बेळगाव, निपाणी, बिदर, कारवार, तलासरीच्या दोस्तांनो, हा अर्ज तुमच्याकडेही चालतो. भाषेचा हक्क म्हणजे फक्त पाटीवरची मराठी नाही. आपल्या पोटात काय जातंय ते आपल्याला समजेल अशा भाषेत कळणं, हाही भाषेचाच हक्क आहे. नळ दिलात, आभारी आहोत. आता आकडा द्या.