वूली-रो प्रकरणाची उरलेली बाजू



कण्यातील भूल म्हणजे लुळेपणाला आमंत्रण, असा सूर लावणारे गेल्या अंकातील पत्र वूली आणि रो यांच्या प्रकरणावर उभे आहे. प्रकरण खरे, पण अर्धेच सांगितलेले.

13 ऑक्टोबर 1947 रोजी इंग्लंडमधील चेस्टरफिल्डच्या रुग्णालयात या दोघांवर कण्यातील भूल देऊन किरकोळ शस्त्रक्रिया झाल्या. एकाचा हायड्रोसील, दुसऱ्याचा गुडघा. दोघांचेही पाय कायमचे गेले. भुलीच्या औषधाच्या काचेच्या कुप्या तेव्हा फिनॉल या जंतुनाशकात बुडवून ठेवत. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून ते आत झिरपले, असे न्यायालयाने मानले. 1954 मध्ये अपील न्यायालयानेही डॉक्टरांना दोष दिला नाही, कारण 1947 मध्ये हा धोका माहीतच नव्हता.

पुढे 1990 मध्ये भूलतज्ज्ञ हटर यांनी वेगळाच संशय मांडला. सुया-सिरिंजा उकळण्याच्या भांड्यातले क्षार काढायला वापरलेले आम्ल त्यातच राहून गेले असावे! तसे असेल, तर औषधही निर्दोष आणि पद्धतही. ब्रिटनमध्ये मात्र ही भूल कित्येक वर्षे बदनाम राहिली.

धोका शून्य नाहीच. ब्रिटनच्या 2009 च्या राष्ट्रीय पाहणीत, वाईटात वाईट अर्थ लावूनही, कण्यातील सर्व प्रकारच्या एक लाख भुलींमागे कायमची इजा सुमारे चौघांना झाल्याचे दिसले. पत्रलेखकांनी हा आकडा का गाळला, ते त्यांनाच ठाऊक.

– एक वाचक