टायरचं बिल डिझेल पंपावर

कांदा निघाला की शेवगाव तालुक्यातल्या पिकअपना उसंत नसते. घोडेगावचं मार्केट, नगरचं मार्केट, आणि भाव तिकडे बरा असला तर थेट वाशी. कापूस सुरू झाला की जिनिंगच्या फेऱ्या, मग कारखान्यांचा हंगाम. मधल्या दिवसांत शेळ्या, सरकी ढेप, सिमेंट, मांडवाचं सामान, मिळेल ते भाडं. या गाडीच्या मालकाला इंजिनाबद्दल विचारा, अर्धा तास बोलेल. अॅव्हरेज विचारा, पॉइंटसकट आकडा सांगेल. टायर कोणते टाकलेत विचारलं तर कंपनीचं नाव सांगून गप्प होतो. तेच का टाकले, याचं उत्तर बहुतेकांकडे एकच असतं: ‘कडक आहेत.’

परवा पैठण रस्त्याला एका टायरच्या दुकानात बसलो होतो. एक तिशीतला गडी ७.०० आर १५ मापाचे चार टायर घ्यायला आला, सोबत वडील. दुकानदाराने दोन नमुने फरशीवर आडवे टाकले. एकावर सरळ उभ्या रेघांची नक्षी, म्हणजे रिब. दुसऱ्याच्या कडेला जाड जाड गोट, म्हणजे लग. वडील खाली वाकले, लगच्या खाचेत अंगठा घातला, अर्धं पेर आत गेलं आणि तेवढ्यावर पसंती झाली. ‘रबर बघ की किती आहे!’ पोरगा म्हणाला, ‘आबा, गाडी वाशीला जायचीय, नांगराला नाही.’ दुकानदार हसला, पण मध्ये पडला नाही. दोन्ही विकणारा माणूस, तो कशाला पडेल?

मला पोराचं म्हणणं पटलं, पण आबांच्या अंगठ्यामागेही अनुभव होता. आपली काळी जमीन एकदा भिजली की शिवरस्त्यावर रिब टायर जागच्या जागी फिरतो, खाचांमध्ये चिखल बसून गुळगुळीत होतो. कांद्याची गोणी बांधावरून उचलायची तर शेवटचे दोन किलोमीटर लगच हवा. प्रश्न एवढाच की वर्षभरातल्या एकूण पळण्यात ते दोन किलोमीटर किती? ज्याची गाडी डांबरावरच उभी राहते आणि डांबरावरूनच माल उचलते, त्याने चिखलासाठी घेतलेला टायर वर्षभर डांबरावर घासत का न्यावा?

तसा नेऊ नये, कारण टायर डिझेल खातो. तो फिरतो तेव्हा जमिनीला टेकलेला भाग दर चक्कराला चपटा होतो, वर जाताना पुन्हा गोल होतो. भाकरीचं पीठ मळावं तसं रबर सतत मळलं जातं, आणि त्या मळण्यात गेलेली सगळी ताकद ते परत देत नाही. बाकीची उष्णता होऊन जाते. नगरहून आल्यावर टायरला हात लावून बघा. बसणारा चटका सगळाच उन्हाचा नसतो.

अशा मळण्याने टायर फिरायला जो विरोध करतो, त्याला आता आकडा आहे. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरना त्याची कमाल मर्यादा लागू झाली. सोबत ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांचेही निकष आले. हलक्या मालवाहू गाड्यांच्या गटात ही मर्यादा टनामागे ९ किलो आहे. गाडी आणि माल मिळून ३ टन धरले, तर सपाट रस्त्यावरसुद्धा इंजिनाने नुसत्या टायरपायी २७ किलोची ओढ लावून धरायची. टनामागे ७ किलोचा टायर मिळाला तर तीच ओढ २१ वर येते. साधारण मान असं की हा विरोध १० टक्क्यांनी उतरला की डिझेल १ ते २ टक्के वाचतं.

आता वहीतला हिशेब करू. महिन्याला ३,००० किलोमीटर, लिटरला १२ चा अॅव्हरेज, म्हणजे २५० लिटर. त्यात ३ टक्के वाचले तर साडेसात लिटर, वर्षाला ९० लिटर. डिझेल नव्वदीत धरलं तर ८,१०० रुपये. टायरमागे हजार रुपये जास्त मोजावे लागले, तरी ते चार हजार सहा महिन्यांत फिटले. दुकानात दोनशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस पंपावर मात्र ‘टाकी फुल’ म्हणून मोकळा होतो.

टायरचे कारखाने आपल्यापासून लांब नाहीत. पैठणमार्गे गेलं की वाळूजला गुडइयर, नाशिकला सिएट, चाकणला ब्रिजस्टोन. आणि हलका फिरणारा टायर ओळखायची सोयही आहे: फ्रिजवर असतात तशा ताऱ्यांची ऐच्छिक योजना केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने टायरसाठीही आणली आहे. पण पिकअपचा टायर घेताना तारे आहेत का, असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. विचारायला काय जातं?

तारे दिसले नाहीत तरी काही गोष्टी डोळ्यांनी कळतात. नायलॉनपेक्षा रेडियल हलका फिरतो, कारण त्याची बाजू मऊ असते आणि तळ पट्ट्यांनी बांधलेला असतो. लगपेक्षा रिब हलका. गाडी दिसायला दांडगी व्हावी म्हणून कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर बसवायची नवी हौस आलीय, ती तर सरळ पंपवाल्याच्या खिशात जाते. ज्याला खरोखर दोन्हीकडे जायचंय, त्याने पुढे रिब आणि मागे मध्यम खाचांचा टायर टाकावा. फक्त एकाच अॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन असा संसार मांडू नये.

नवे टायर टाकल्यावर अॅव्हरेज घटला, ही तक्रार कायम ऐकू येते. ती खोटी नाही. नव्या टायरला रबर जास्त, म्हणून मळणंही जास्त. पण निम्मी गंमत मीटरची आहे. या टायरचा व्यास साधारण पाऊण मीटर. ८ मिलिमीटर रबर झिजलं की व्यास १६ मिलिमीटरने घटतो, म्हणजे दोन टक्के. झिजलेला टायर तेवढ्याच अंतरात जास्त चकरा मारतो आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. जुन्या टायरचा तो फुगवलेला अॅव्हरेज डोक्यात धरून लोक नव्या टायरला नावं ठेवतात.

आता ‘कडक’कडे येतो. कडक टायर हवा असतो कारण हौद्यात काय भरायचंय ते मालकाला माहीत असतं. १.७ टन पासिंगच्या गाडीत अडीच टन कांदा चढतो, पाटे उलटे वाकतात, आणि मग टायर विकत घेताना एकच निकष उरतो: फुटू नये. अशा गाडीला कमी विरोधाचा टायर सुचवणं म्हणजे वेळ घालवणं आहे. टायरवरचं एकूण ओझं जेवढ्या पटीने वाढतं, टायरचा विरोधही जवळजवळ त्याच मानाने चढतो. चांगल्या टायरने वाचवलेलं डिझेल वरच्या दहा-पंधरा गोण्या खाऊन टाकतात. भाडं परवडत नाही म्हणून जास्त भरतो, असं मालक सांगतात. ते मी खोडून काढत नाही. पण त्या जास्तीच्या गोण्यांचं भाडं लिहिताना त्यांचं डिझेल आणि टायर कुणी लिहीत नाही.

हवेचा कारभार तर विचारूच नका. पान्याने टायरवर ठोका मारायचा, आवाज टणक आला की हवा बरोबर. एप्रिल-मे आला की उलटी अक्कल: ‘उन्हाळा आहे, थोडी कमीच ठेव, फुटायचा.’ प्रकार नेमका उलट आहे. हवा कमी झाली की टायर जास्त चपटा होतो, जास्त मळला जातो, जास्त तापतो, आणि तापलेलाच फुटतो. दुपारी धावून आलेल्या टायरची वाढलेली हवा सोडायची नसते. हवा सकाळी, गाडी गार असताना बघायची, दारावरच्या पट्टीतल्या आकड्यांप्रमाणे, मागची वेगळी आणि पुढची वेगळी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मोटारींसाठी काढलेलं मान असं की चारही टायरमध्ये एक पाउंड हवा कमी झाली की इंधन ०.२ टक्के जास्त जातं. दहा पाउंडांना दोन टक्के. महागडा टायर जेवढं वाचवतो, त्यातलं बरंचसं फुकटात मिळणारी हवा वाचवते.

आणि वेग. ५० वरून ८० वर गेलं की हवेचा अडथळा अडीचपट होतो, त्यात फडफडणारी ताडपत्री. तिथे टायर बिचारा काही करू शकत नाही.

एका बाबतीत मी आबांसारखाच हट्टी आहे: ओल्यातली पकड. हलका फिरणारा टायर आणि पावसात धरून राहणारा टायर यांचं पूर्वी जमत नसे. १९९० च्या दशकात मिशेलिनने रबरात काजळीच्या जागी सिलिका घालून हे भांडण बरंचसं मिटवलं. तरी मृगाच्या पहिल्या सरीत करंजी घाट उतरताना वाचलेलं डिझेल कामाला येत नाही. झीजखुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, रबर उतरलं की टायर काढायचा. तो अजून ‘फेरी काढतो’ म्हणून ठेवायचा नाही. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये प्रवेशाशीच टायर तपासून, ते गुळगुळीत झालेल्या गाड्या अडवायला सुरुवात झाली. आपल्या घाटाला असा दरवाजा नाही.

दुकानातल्या त्या बापलेकांनी शेवटी मधला मार्ग काढला: चार रिब रेडियल, आणि जुन्यातले बरे दोन लग पावसाळ्यासाठी घरी. पोराने टायरच्या बाजूचे चार आकडे वाचून घेतले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. तीन टायर एका महिन्यातले निघाले, चौथा दीड वर्ष जुना. तो त्याने परत करून बदलून घेतला. स्टेपनीला मात्र नायलॉनच राहिला. तो बदलायचं म्हटल्यावर आबांनी पिशवीची दोरी आवळली.