हेमंतचर्या सांगताना घरही पाहावे

दिवाळीपासून मकरसंक्रांतीपर्यंतचा काळ हा आपल्या चिकित्सालयांत ऋतुचर्येच्या उपदेशाचा काळ असतो. हेमंतात जाठराग्नी प्रबळ असतो. म्हणून स्निग्ध व गुरु आहार घ्यावा, अभ्यंग करावा, उष्णोदकाने स्नान करावे, उबेत राहावे, असे आपण प्रत्येक रुग्णाला सांगतो. हा उपदेश शास्त्रोक्तच आहे. परंतु हाच काळ सुट्ट्यांचा, पाहुण्यारावळ्यांचा आणि सहलींचाही असतो. न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेल्या आजी, शेकाच्या पिशवीने पाय भाजलेले मधुमेही आजोबा, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले आणि सकाळी न उठलेले कुटुंब, अशा घटना याच दिवसांत घडतात. तेल, उष्ण जल आणि अग्नी ही तिन्ही साधने आपल्याच उपदेशातील आहेत. म्हणून या अपघातांच्या प्रतिबंधाची जबाबदारीही काही अंशी आपलीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चरकाचार्यांनी व्याधींचे निज, आगंतु आणि मानस असे तीन प्रकार सांगितले. आगंतु व्याधींच्या हेतूंत अग्नी, विष व आघात यांचा समावेश आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आगंतु व्याधी टाळण्याचे उपाय सांगताना प्रज्ञापराधाच्या त्यागाबरोबरच देश, काल आणि स्वतःची प्रकृती यांचे ज्ञान त्यांनी आवश्यक मानले आहे. ऋतुचर्या सांगताना आपण कालाचा विचार करतो. देशाचा मात्र पुरेसा करत नाही. आजच्या रुग्णाचा ‘देश’ म्हणजे केवळ जांगल किंवा आनूप नव्हे. त्याची सदनिका, तिच्या सरकत्या काचेच्या खिडक्या आणि गुळगुळीत फरशीचे न्हाणीघर हाही त्याचा देशच आहे.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयातील ऋतुचर्या अध्यायात निखाऱ्यांनी तापविलेल्या आतल्या खोल्यांचा उल्लेख केला आहे. कौलारू घराच्या फटींतून वारा खेळत असे. आजची खोली बंद केली की जवळजवळ हवाबंद होते. तेथे कोळसा किंवा गॅस जळत राहिला तर प्राणवायू अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमण येथे सहलीला गेलेले केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत मृत्युमुखी पडले. महाबळेश्वर किंवा चिखलदऱ्याच्या थंडीत शेगडी खोलीत घेणाऱ्यांना आणि शहरात बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावणाऱ्यांना हाच धोका आहे.

येथे वैद्यांनी विशेष सावध राहावे. शिरःशूल, हृल्लास, भ्रम आणि दौर्बल्य ही या विषबाधेची आरंभीची लक्षणे होत. सणासुदीच्या जेवणानंतर ती अजीर्णाची किंवा पित्ताची वाटणे अगदी स्वाभाविक आहे. एकाच घरातील अनेकांना एकदम त्रास होत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटत असेल, तर पाचक चूर्ण देण्यापूर्वी शेगडी व गीझरची चौकशी करावी. कोरोनाच्या साथीनंतर आपल्या बहुतेकांच्या टेबलावर पल्स ऑक्सिमीटर आला आहे. परंतु या विषबाधेत त्याचा आकडा समाधानकारक दिसू शकतो, कारण ते यंत्र दोन्ही वायूंचा भेद करू शकत नाही. सुश्रुताचार्यांनी धूमोपहताची लक्षणे व चिकित्सा वर्णिली आहे. तरीही अशा रुग्णाला वमनादी उपक्रमांत गुंतवून वेळ दवडू नये. स्वतःला जपत दारे-खिडक्या उघडाव्यात, रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास सुमारे पाच तास लागतात; शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण दीड तास. म्हणून प्राणवायू हेच येथील मुख्य औषध होय.

अभ्यंगाविषयीही तसेच. वृद्धांना अभ्यंग अवश्य सांगावा, पण तो खोलीत, पाटावर किंवा खुर्चीवर बसून करावा. तळपायांचे तेल पुसल्याशिवाय पाऊल टाकू नये. न्हाणीघरात खरखरीत पायपुसणे, बसण्यास स्टूल आणि भिंतीला धरण्यासाठी दांडी असावी. वातशमनासाठी लावलेले तेलच अस्थिभंगाचे कारण ठरू नये.

स्वेदनाच्या अनर्हांत चरकाचार्यांनी मधुमेहींची गणना केली आहे, हे आपण पाठ केलेले असते. तरीही पाय गार पडतात म्हणून शेकाची पिशवी घेण्याचा सल्ला सहज दिला जातो. ज्या मधुमेहींच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांना चटका जाणवत नाही. सकाळी फोड दिसतात आणि व्रण महिनोन्‌महिने भरत नाही. त्यांना लोकरीचे मोजे सांगावेत, पिशवी नव्हे. स्नानाच्या पाण्याची उष्णताही घरातील दुसऱ्या व्यक्तीने कोपराने पाहावी.

‘एवढे सांगत बसलो तर रुग्ण तपासायचे केव्हा?’ असा प्रश्न आमचे काही व्यवसायबंधू विचारतील. प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही तीनच प्रश्न सुचवितो. पाणी कशावर तापविता आणि तेथे हवा खेळती आहे का? तेल कोठे लावता? पायांना गरम-गार कळते का? यास एक मिनिटही लागत नाही. गॅस गीझर असेल तर तो न्हाणीघराबाहेर बसवावा, त्याचा धूर थेट बाहेर सोडावा. आणि तसे होईपर्यंत बादली भरून, गीझर बंद करून, हवा खेळू देऊन मगच स्नान करावे, एवढे सांगितले तरी एखादे कुटुंब वाचेल.

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. आपल्या संघटनेच्या शाखांनी दिवाळीपूर्वी या सूचनांचे एक पानी पत्रक छापून प्रत्येक चिकित्सालयात लावावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.