स्वेच्छेचा हिशेब

१९१६ मध्ये ब्रिटनने कायदा करून आपल्या तरुणांवर लष्करी सेवा सक्तीची केली. हिंदी लोकांसाठी तसा कायदा झाला नाही. तरीही पहिल्या महायुद्धाच्या सेवेत येथील सुमारे १३ लाख माणसे गेली. पंजाबात भरतीचे आकडे आधीच ठरवून दिले गेले, तेव्हा ‘स्वेच्छा’ हा शब्द फारच पातळ झाला होता.

आजही आपली सेना स्वेच्छेचीच. मात्र पूर्णा तालुक्यातील अल्पभूधारकाचा मुलगा भरतीला निघतो, तेव्हा देशप्रेमाबरोबर घरची नडही त्याच्यासोबत असते. २०२२ च्या अग्निपथ योजनेत पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपयांपैकी ९,००० सेवानिधीत जातात. सरकार तेवढीच भर घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख, तेही करमुक्त. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के.

रक्कम भरघोस वाटते खरी. पण ७ टक्के दराने ठेव ठेवली, तर महिन्याला जेमतेम ६,८०० रुपये हाती येतात. पंचविशीच्या आसपास परतलेल्या तरुणाला त्यावर संसार मांडता येणार नाही. त्याला दुकान काढावे लागेल. भांडवल त्याच्यापाशी असेल, बाजारातील पत नसेल. पहिला माल उधारीवर मागायला तो आपल्याच पेढीची पायरी चढेल.