ब्रिजिडची सुट्टी

आयर्लंडमध्ये फेब्रुवारीचा पहिला सोमवार सुट्टीचा असतो. १ फेब्रुवारीला शुक्रवार आला तर सुट्टी त्याच दिवशी. २०२३ साली सुरू झालेली ही त्या देशातली बाईच्या नावाची पहिली सार्वजनिक सुट्टी. ही बाई नेमकी कोण, हे ठरवायचं मात्र सरकारने शिताफीने टाळलं. जानेवारी २०२२ मध्ये घोषणा झाली तेव्हा निमित्त लिहिलं होतं ‘इंबोल्क/सेंट ब्रिजिड्स डे’. इंबोल्क म्हणजे वसंताच्या आगमनाचा जुना गेलिक सण. सेंट ब्रिजिड म्हणजे किल्डेअरच्या मठाची संस्थापक, पॅट्रिकच्या बरोबरीने देशाची संरक्षक संत. मधल्या त्या तिरप्या रेघेने ख्रिस्ती धर्माआधीच्या देवदेवतांना भजणाऱ्या पेगनांनाही घरात घेतलं आणि बिशपांनाही दाराबाहेर ठेवलं नाही. सरकारी कागदावर इतकं समंजस विरामचिन्ह क्वचितच पाहायला मिळतं.

पेगनांच्या लेखी ब्रिजिड ही देवी आहे, दाग्दा या थोरल्या देवाची मुलगी. काव्य, वैद्यकी आणि लोहारकाम या तिन्हींवर तिची सत्ता. आज ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत जे लोक स्वतःला पेगन, ड्रुइड किंवा विक्का या आधुनिक चेटूकपंथाचे अनुयायी म्हणवतात, त्यांच्या केल्टिक देवतांत तिच्याइतकी घरोघर पोचलेली दुसरी देवता सांगणं कठीण. मॉरिगनची भीती वाटते, लू दूरचा वाटतो, शिंगं असलेल्या केर्नुन्नोसबद्दल कुतूहल वाटतं. ब्रिजिड चुलीपाशी येऊन बसते. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म म्हणून ‘पेगन’ लिहिलं, दहा वर्षांपूर्वी ही संख्या ५७ हजार होती. विक्का लिहिणारे १३ हजार वेगळे. देशाच्या लोकसंख्येपुढे हा आकडा चिमूटभर, पण चर्चचे बाक रिकामे होत असताना वाढलेला.

यातले पुष्कळ जण आपला धर्म ‘प्राचीन’ म्हणतात. इथे थोडं थांबायला हवं.

ब्रिजिड या देवीबद्दल लेखी काय उरलं आहे? इसवी सन ९०० च्या सुमाराचा एक शब्दकोश, ‘सानस कॉर्मॅक’. तो कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मॅक मॅक क्विलेनान याच्या नावावर आहे. त्यात ब्रिजिडची एक छोटी नोंद आहे: कवी जिची पूजा करत ती देवी, आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची, दुसरी लोहारकामाची. शिवाय आयरिश पुराणकथांतल्या मॉय तुरा इथल्या दुसऱ्या लढाईच्या कथेत ब्रिग नावाची एक आई आहे. तिचा मुलगा रुआदान मारला जातो, ती त्याच्यासाठी हंबरडा फोडते, आणि कथाकार सांगतो की आयर्लंडमध्ये मेलेल्यासाठी असा आक्रोश तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. अशाच आणखी काही तुरळक नोंदी सोडल्या तर संपलं. स्तोत्र नाही, पूजाविधी नाही, देऊळ नाही. आणि हे सगळं लिहिलं कोणी? ख्रिस्ती मठांत वाढलेल्या विद्वानांनी. केल्टांचे प्राचीन पुरोहित असलेल्या ड्रुइडांनी स्वतः एक ओळही मागे ठेवली नाही. ज्युलियस सीझरने गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या केल्टांच्या, देवांची माहिती दिली तीही त्यांना मर्क्युरी, अपोलो, मार्स अशी रोमन नावं देऊन.

गंमत अशी की कागदोपत्री संत देवीहून वयाने मोठी आहे. कोगिटोसस नावाच्या किल्डेअरच्या भिक्षूने संत ब्रिजिडचं लॅटिन चरित्र सातव्या शतकात लिहिलं, म्हणजे कॉर्मॅकच्या कोशाआधी दोनेकशे वर्षं. देवीच पुढे संत झाली, की संताच्या चरित्रात देवीच्या कथा मिसळल्या, की नावापलीकडे दोघींचा संबंधच नव्हता, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. किल्डेअरच्या प्रसिद्ध अखंड अग्नीचंही तसंच. एकोणीस जोगिणी आळीपाळीने तो राखतात आणि विसाव्या रात्री स्वतः ब्रिजिड राखते, कुंपणाच्या आत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, ही हकिगत बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या पाद्र्याने लिहिली. कोगिटोससच्या चरित्रात या अग्नीचा उल्लेख नाही. हा अग्नी ख्रिस्तपूर्व काळापासून जळत होता, असं आज सर्रास सांगितलं जातं. त्याला आधार नाही.

आधुनिक पेगनांच्या पंचांगाचीही कथा अशीच. इंबोल्क, बेल्टेन, लुनासा, साविन हे चार सण गेलिक परंपरेतले आहेत. पण त्यांत दोन अयनं आणि दोन संपात मिळवून आठ सणांचं ‘वर्षचक्र’ रूढ झालं ते १९५० च्या दशकात. त्यामागे दोन इंग्रज मित्र होते: विक्काचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि पुढे १९६४ मध्ये बार्ड, ओवेट आणि ड्रुइडांचा पंथ काढणारा रॉस निकोल्स. कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन रूपांतली देवी लोकप्रिय केली रॉबर्ट ग्रेव्हज या कवीने, १९४८ च्या ‘द व्हाइट गॉडेस’मध्ये. कॉर्मॅकच्या कोशातल्या तिघी बहिणी आहेत, त्यांच्यात वयाचा उतार नाही. तरी आज ब्रिजिडवर ग्रेव्हजचा साचा सहज बसवला जातो. त्याही आधी वेल्सचा पाथरवट कवी योलो मॉर्गनुग. २१ जून १७९२ रोजी लंडनच्या प्रिमरोझ हिलवर त्याने ड्रुइडांच्या नावाने कवींची सभा भरवली आणि ती प्राचीन असल्याचं ठोकून दिलं. पुराव्यासाठी लागतील तशी हस्तलिखितंही त्याने रचली. विसाव्या शतकात ती बनावट ठरली, पण वेल्सच्या आइस्टेडवॉड या राष्ट्रीय काव्य-संगीत महोत्सवात योलोची ती सभा आजही झगे घालून थाटात भरते. बनावटीला दोनशे वर्षं झाली की तिचीच परंपरा होते, आणि वेल्श माणसाला याची लाज वाटत नाही.

मग हा सगळा धर्म खोटा समजायचा का? तसं आम्हाला वाटत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनल्ड हटन यांनी १९९९ च्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये विक्काच्या प्राचीनतेच्या दाव्याचा धागा न् धागा उसवला. काही पेगन खवळले. पुष्कळांनी मात्र ते पुस्तक वाचलं, मान्य केलं आणि आपली पूजा चालू ठेवली. आपला धर्म आपल्या आजोबांच्या पिढीत जन्मला, हे ठाऊक असूनही तो मनापासून पाळणारे लोक धर्मांच्या इतिहासात दुर्मीळच. शिवाय जुन्या धर्मांनी तरी काय केलं होतं? कोगिटोससने ब्रिजिडचं चरित्र निव्वळ भक्तीपोटी लिहिलं नव्हतं. आयर्लंडच्या चर्चमध्ये पॅट्रिकच्या आर्माचं स्थान मोठं की किल्डेअरचं, या चढाओढीत ते किल्डेअरचं वकीलपत्र होतं.

आमची तक्रार वेगळी आहे. प्राचीन ड्रुइडांचा शोध घेण्याच्या नादात या मंडळींना आपला खरा सावकार ओळखता आलेला नाही. आजचा पेगन ३१ जानेवारीच्या रात्री काय करतो ते पाहा. लव्हाळ्याच्या काड्या विणून चार हातांचा क्रूस करतो आणि दारावर लावतो. कापडाचा तुकडा रात्रभर बाहेर ठेवतो. त्यावरून जाताना ब्रिजिड हात फिरवते, आणि मग वर्षभर तो डोकेदुखीवर चालतो. गवताची बाहुली करतो, तिच्यासाठी चुलीजवळ अंथरूण घालतो. यातली कुठलीच गोष्ट कॉर्मॅकच्या कोशात नाही, गॉलच्या शिलालेखात नाही. या सगळ्या आयर्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या गेलिक कॅथलिक शेतकऱ्यांच्या घरच्या चालीरीती आहेत. जपमाळ ओढणाऱ्या, रविवारची मिस्सा न चुकवणाऱ्या बायकांनी त्या राखल्या, कारण गाय वेळेवर व्यावी, दुधाला उतार पडू नये, पोरांना ताप येऊ नये. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने शाळांतल्या मुलांना वह्या देऊन घरच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी लिहून आणायला सांगितलं. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजार मुलांनी ते काम केलं. ब्रिजिडच्या रात्रीचे तपशील त्या वह्यांत पानोपानी सापडतात. पेगन ज्याला देवीची पूजा म्हणतो, तिची खरी पोथी ही पोरांच्या अक्षरातली. त्यातल्या आज्यांना कुणी पेगन म्हटलं असतं तर त्यांनी केरसुणी उचलली असती.

या आज्यांचं देणं मान्य केल्याने ब्रिजिड लहान होत नाही, पण एक सोयीची गोष्ट मात्र कोसळते: चर्चने देवीला पळवलं आणि आम्ही तिला सोडवून आणतो आहोत ही. देवी कधी असलीच, तर तिला चर्चच्या सावलीतल्या घरांनीच दीड हजार वर्षं सांभाळलं.

किल्डेअरमध्ये घडलं ते तर या सोयीच्या गोष्टीच्या अगदी उलटं. तिथला अग्नी धर्मसुधारणेच्या काळात विझला, असं मानलं जातं. १९९३ मध्ये गावच्या बाजारचौकात तो पुन्हा पेटवला कोणी? ब्रिजिडाइन या कॅथलिक संघातल्या एका जोगिणीने, मेरी टेरेसा कलन यांनी. या संघाच्या बायकांनी तिथे ‘सोलास व्रीद’ नावाचं केंद्र उभं केलं, आणि ज्योत तिथेच तेवत ठेवली. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकलीस यांनी चौकात कायमची ज्योत पेटवली. केंद्रात प्रार्थनेला कॅथलिक येतात, पेगन येतात, कसलाच धर्म न मानणारेही येतात, आणि कोणालाही तुझी ब्रिजिड कुठली असं विचारलं जात नाही. जगभर विखुरलेले भक्तांचे गट आपापल्या घरी एकोणीस जणांच्या पाळ्या लावून दिवा राखतात, विसावी पाळी ब्रिजिडची सोडतात. जेराल्ड ऑफ वेल्सने सांगितलेली पुरुषबंदी काहींनी ठेवली, काहींनी मोडली.

हे सगळं नव्वदच्या दशकात का सुरू झालं, हे समजायला त्या काळचं आयर्लंड आठवावं लागतं. पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार एकामागून एक उघडकीस येत होते. ‘पतित’ ठरवलेल्या मुलींना राबवून घेणाऱ्या मॅग्डलीन धुलाईघरांपैकी शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं. चर्च नको, पण आजीची ब्रिजिड हवी, असे हजारो लोक तयार झाले. मग जुनी चरित्रंही नव्या नजरेने वाचली जाऊ लागली. कोगिटोससच्या चरित्रात एक चमत्कार आहे: व्रत मोडून गरोदर राहिलेल्या एका तरुणीला ब्रिजिड आशीर्वाद देते आणि तिचा गर्भ वेदनेशिवाय नाहीसा होतो. सातव्या शतकातल्या भिक्षूला यात काही वावगं वाटलं नव्हतं. गर्भपातबंदी उठवण्यासाठी मे २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि ६६ टक्के लोकांनी बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. त्या वादात या चमत्काराची आठवण अनेकांनी काढली. २०१६ मध्ये ७९ टक्के लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत, २०२२ च्या जनगणनेत ते ६९ टक्के उरले. सरकारला ती तिरपी रेघ सुचली, ती या हवेत.

भारतीय वाचकाला इथे एक मोह होतो, तोही सांगून टाकावा. डेन्मार्कच्या दलदलीत १८९१ मध्ये सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या रुपेरी कढईवर शिंगांचा एक पुरुष मांडी घालून बसला आहे, भोवती जनावरं. मोहेंजोदडोची तथाकथित पशुपती मुद्रा त्याच्याशेजारी ठेवायची आणि ‘बघा, तेही आपलेच’ म्हणून मोकळं व्हायचं, ही चाल जुनी. दोन्ही वस्तूंत दोन हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, मधले दुवे कोणाकडे नाहीत. केल्टिक पेगनांना आपल्या पंखाखाली घेण्याची ही उदारता त्यांनी मागितलेलीही नाही.

त्यांच्यातल्या एका गटाला मात्र असल्याच नात्यांची भूक आहे, फक्त ती रक्ताची. केल्टिक देव केल्टिक वंशाच्याच माणसाला बोलावतात, असं म्हणणारे थोडे आहेत, पण आवाजी आहेत. वर्तुळातला केल्टिक क्रूस गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी कधीच उचलला आहे. बहुसंख्य पेगन याला स्पष्ट विरोध करतात. तो विरोध अधिक भक्कम करायचा तर त्यांनी प्राचीनतेचा हट्ट सोडायला हवा. धर्माचं वय हाच त्याचा मान ठरला की भक्ताची वंशावळ मागायला फारसा वेळ लागत नाही.

आयर्लंडमध्ये आज दर पाच माणसांतला एक परदेशात जन्मलेला आहे. २०२२ च्या जनगणनेत परदेशी नागरिकांत पोलिश आणि ब्रिटिशांच्या पाठोपाठ भारतीयांचा क्रमांक होता, ते ४५ हजारांवर होते. तिथल्या बहुतेक प्राथमिक शाळा अजून कॅथलिक व्यवस्थापनाच्या आहेत, आणि जानेवारी सरता सरता वर्गावर्गांत लव्हाळी आणून क्रूस विणायला शिकवतात. ती विणणाऱ्यांत लागोसहून आलेल्यांची मुलं असतात, क्राकोवची असतात, कोची आणि पुण्याचीही असतात. रक्ताची भाषा बोलणाऱ्यांना या मुलांचं काय करायचं ते सुचत नाही. जोगिणींना ती अडचण कधी पडली नाही, आणि काड्या चौकोनात कशा मुडपायच्या हे वर्गात दाखवणाऱ्या बाईंना तर नाहीच नाही.